ठाणे मूळ, नौपाडा संयुक्त: मोठी संख्या हाताने तपासायची रीत

मोठी संख्या समोर आली की नवशिका माणूस आधी अंकांची बेरीज करतो, मग उलटी वाचून बघतो, आणि तिथेच अडकतो. खरं काम वेगळीकडे आहे. संख्येचे मूळ अवयव (१ आणि स्वतःखेरीज कशानेही भाग न जाणारे) सापडले की विभाजक किती, त्यांची बेरीज किती, ती दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते का, हे सगळं चार ओळींच्या गुणाकारात निघतं. त्यामुळे सगळी मेहनत अवयवांवर करायची. बाकीचं मागून आपोआप येतं.

सरावाला पिन कोड घेऊ. ठाणे ४००६०१, नौपाडा ४००६०२, ठाणे पूर्वेचं कोपरी ४००६०३, वागळे इस्टेट ४००६०४, कळवा ४००६०५, आणि नवी मुंबईतलं वाशी ४००७०३. सहा अंकी संख्या हाताने जमतात, आणि यातल्या पाच लागोपाठच्या आहेत, त्याचा मोठा फायदा पुढे होणार आहे. पोस्टाला या गणिताशी काही घेणंदेणं नाही. पिन कोड ही नुसती खूण, कशाचं मोजमाप नव्हे. पण संख्या म्हटली की गुणधर्म आलेच.

आधी यादी तयार करा

लागणारं सामान: चौकटीची वही, साधा कॅल्क्युलेटर (मोबाइलमधला चालेल) आणि ६३२ पर्यंतच्या मूळ संख्यांची यादी. यादी कुठून तरी उतरवून घेण्यापेक्षा इरॅटोस्थेनिसच्या चाळणीने स्वतः काढा. २ ते ६३२ संख्या लिहायच्या आणि २, ३, ५, ७, ११, १३, १७, १९, २३ यांच्या पटी खोडायच्या. मात्र त्या नऊ संख्या स्वतः ठेवायच्या. २३ च्या पुढे जायची गरज नाही, कारण पुढची मूळ संख्या २९ आणि तिचा वर्ग ८४१. उरलेल्या संख्या मोजा. बरोबर ११५ भरल्या पाहिजेत, शेवटची ६३१.

११६ किंवा जास्त भरल्या तर कुठली तरी संयुक्त संख्या राहून गेली आहे. बहुतेक वेळा ती २२१ (१३×१७), २४७ (१३×१९), २९९ (१३×२३), ३२३ (१७×१९), ३९१ (१७×२३), ४३७ (१९×२३) किंवा ५२७ (१७×३१) यांपैकी असते. असा आगंतुक यादीत राहिला तर नुकसान फक्त वेळेचं. ११४ भरल्या तर मात्र थांबा. एक मूळ संख्या गाळली गेली आहे, आणि नेमकी तीच अवयव असेल तर तुम्ही संयुक्त संख्येला मूळ ठरवून मोकळे व्हाल. पुढचं सगळं मग चुकीच्या पायावर उभं राहील.

६३१ वर का थांबायचं? ६३२ चा वर्ग ३,९९,४२४ आणि ६३३ चा वर्ग ४,००,६८९. ४००६०१ या दोन्हींच्या मध्ये पडते. ही संख्या दोन अवयवांत फुटत असेल तर दोन्ही अवयव ६३३ किंवा त्याहून मोठे असू शकत नाहीत. तसं असतं तर गुणाकार ४,००,६८९ च्या खाली आलाच नसता. म्हणजे एक अवयव तरी ६३२ च्या आत हवा. वाशीचा ४००७०३ या ४,००,६८९ च्या जरासा पुढे आहे, म्हणून तिथे मर्यादा ६३३ होते; पण ६३३ = ३×२११, तेव्हा यादी तीच राहते.

अंकांवरच्या कसोट्या

२, ३, ५ च्या कसोट्या शाळेतल्याच. ४००६०१ चा शेवटचा अंक १, अंकांची बेरीज ११, तिन्ही बाद.

७, ११ आणि १३ साठी तीन वेगळ्या कसोट्या पाठ करत बसू नका. १००१ = ७×११×१३ एवढं लक्षात ठेवलं की पुरतं. संख्येचे तीन-तीन अंकांचे गट पाडा आणि उजव्या गटातून डावा वजा करा: ६०१ − ४०० = २०१. आता २०१ ला भागून बघा. ७ ने बाकी ५, ११ ने ३, १३ ने ६. ४००६०१ म्हणजे ४००×१००१ + २०१ असल्यामुळे ४००६०१ च्या बाक्याही याच येतात. कोपरीसाठी ६०३ − ४०० = २०३, आणि २०३ = ७×२९. म्हणजे ४००६०३ ला ७ ने भाग जातो, कॅल्क्युलेटर न उघडताच.

३७ साठी गट वजा न करता मिळवायचे, कारण ९९९ = २७×३७. ४०० + ६०१ = १००१, पुन्हा गट पाडून १ + ००१ = २. बाकी २.

तुटीचा रकाना

आता लांबचं काम. यादीतल्या उरलेल्या १०८ मूळ संख्यांनी एकेक करून भागायचं. वहीत तीन रकाने आखा: मूळ संख्या, बाकी, तूट. तूट म्हणजे मूळ संख्येतून बाकी वजा केल्यावर उरतं ते. पुढचा पूर्ण भाग जायला किती कमी पडतंय ते ती सांगते. यादी संपेपर्यंत हा रकाना भरायला आळस करू नका, खरी कमाई त्यातच आहे. सुरुवातीच्या २, ३, ५, ७, ११, १३, ३७ यांच्या बाक्याही याच तक्त्यात उतरवून घ्या.

कॅल्क्युलेटरवर बाकी काढताना ४००६०१ ÷ १७९ = २२३७.९९४४१ असं दिसेल. दशांशचिन्हापुढचा भाग १७९ ने गुणून बाकी काढायचा मोह होतो, पण पडद्यावर मोजकेच अंक असल्याने १७७.९९९ असलं काहीतरी येतं आणि आपण ते १७७ धरतो. नेहमी पूर्ण भाग घेऊन उलट गुणा: २२३७×१७९ = ४,००,४२३. वजा केल्यावर बाकी १७८. तूट १.

असं ६३१ पर्यंत गेल्यावर ४००६०१ साठी शून्य बाकी कुठेच येत नाही. ठाण्याचा ४००६०१ ही मूळ संख्या आहे.

एवढे भागाकार करून नुसतं 'मूळ आहे' एवढंच मिळालं असं वाटेल, पण आता तुटीचा रकाना वाचा. तूट १ कुणाकुणाची? २, ३, १७९ आणि ३७३. म्हणजे पुढच्या संख्येला या चौघांनी भाग जातो, आणि २×३×१७९×३७३ = ४,००,६०२. नौपाड्याचे सगळे अवयव आयते मिळाले. तूट २ असलेल्या ७, १५१ आणि ३७९. त्यांचा गुणाकार ४,००,६०३, कोपरी संपलं. तूट ४ मध्ये ५ आणि १७ सापडतात. ३ ची तूट १ होती, म्हणजे तीन पुढे गेल्यावर तो पुन्हा येतो. ३×५×१७ = २५५, आणि ४००६०५ ÷ २५५ = १५७१. हा १५७१ आपल्या यादीबाहेरचा आहे, पण तो ३७ पर्यंतच्या कुठल्याच मूळ संख्येने फुटत नाही आणि त्याचं वर्गमूळ ४० च्या आत आहे, म्हणून मूळ. कळवा: ३×५×१७×१५७१.

तूट ३ मध्ये कोणीच नाही. वागळे इस्टेटला फक्त २ लागू पडतो, तोही दोनदा: ४००६०४ = २×२×१००१५१. आणि १००१५१ चं वर्गमूळ ३१६ च्या जरा पुढे, तिथपर्यंतच्या मूळ संख्या तपासून झाल्या आहेत, म्हणून तीही मूळ.

शेजारच्या दोन संख्यांमध्ये एकही मूळ अवयव सामायिक नसतो, हे या रकान्यात डोळ्यांनी दिसतं: १७९ ची तूट १ असेल तर तिची पुढची पट १७९ घरं पलीकडेच. लागोपाठच्या दोन संख्यांना तुमच्या वहीत एकच अवयव आला असेल तर कुठेतरी भागाकार चुकला आहे.

वाशी १०२ पुढे आहे, म्हणून प्रत्येक बाकीत १०२ मिळवून बघायचं. उदाहरणार्थ २८१ ची बाकी १७६; १७६ + १०२ = २७८, तीन कमी. अशी सगळी यादी तपासली तरी कुणाचा पूर्ण भाग जात नाही, म्हणजे वाशीही मूळ. आणि ते 'तीन कमी' नेरूळच्या ४००७०६ ला जाऊन भिडतं: तिथे २८१ ने नेमका भाग जातो. नेरूळचे बाकीचे अवयव स्वतः काढा. उत्तर २×२३×३१×२८१ यायला हवं.

गुणाकार बरोबर आहे का हे बघायला नवाची कसोटी पुरते. ४००६०३ च्या अंकांची बेरीज १३, म्हणजे ४. ७, १५१ (७), ३७९ (१९, मग १): ७×७×१ = ४९, म्हणजे १३, म्हणजे ४. जुळलं. अर्थात दोन अंकांची अदलाबदल झाली असेल तर ही कसोटी ती चूक पकडत नाही, म्हणून संख्या वहीत उतरवताना एकदा उलट्या बाजूनेही वाचून घ्या.

अवयवांवरून बाकीचं

विभाजक किती, हे काढायला प्रत्येक मूळ अवयव किती वेळा आला त्यात एक मिळवून सगळे गुणा. नौपाड्यात चारही एकेकदा: २×२×२×२ = १६ विभाजक. १, २, ३, ६, १७९, ३५८, ३७३, ५३७, ७४६, १०७४, १११९, २२३८, ६६७६७, १३३५३४, २००३०१ आणि संख्या स्वतः. वागळे इस्टेटमध्ये २ दोनदा आहे, म्हणून ३×२ = ६. इथे २ ला दोन वेगळे अवयव धरून २×२×२ = ८ लिहिणं ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे.

विभाजकांची बेरीज: अवयव एकदाच आला असेल तर त्यात १ मिळवायचा, दोनदा आला असेल तर १ + अवयव + त्याचा वर्ग, आणि सगळं गुणायचं. नौपाडा: ३×४×१८०×३७४ = ८,०७,८४०. त्यातून संख्या स्वतः वजा केली तर ४,०७,२३८ उरतात, म्हणजे संख्येपेक्षा ६,६३६ ने जास्त. अशा संख्येला विपुल म्हणतात. ६ ची ६ हून मोठी कुठलीही पट विपुलच असते, त्यामुळे यात आश्चर्य नाही. वागळे इस्टेटची बेरीज ७×१,००,१५२ = ७,०१,०६४; संख्या वजा जाता ३,००,४६०, संख्येपेक्षा कमी, म्हणजे ती विपुलच्या उलट, तुटीतली.

१ पासून ४००६०२ पर्यंत तिच्याशी सहमूळ असलेल्या (१ सोडून सामायिक विभाजक नसलेल्या) संख्या किती? प्रत्येक अवयवातून १ वजा करून गुणा (अवयव एकेकदाच आले असतील तरच इतकं सोपं): १×२×१७८×३७२ = १,३२,४३२.

दोन वर्गांची बेरीज

ठाणे आणि वाशी दोन्ही मूळ, पण एकाच जातीच्या नाहीत. ४ ने भागल्यावर ठाण्याची बाकी १, वाशीची ३. कुठल्याही वर्गाला ४ ने भागलं तर बाकी ० किंवा १ येते, म्हणून दोन वर्गांच्या बेरजेची बाकी ३ येणं शक्यच नाही. वाशीचा विषय एका ओळीत संपला. उलट, बाकी १ असलेली प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असते आणि ती मांडणी एकच असते. हे फर्माने सांगितलं, ऑयलरने सिद्ध केलं.

मांडणी सापडेपर्यंत ६३२ पर्यंतच्या सगळ्या संख्या तपासत बसायचं नाही. ४००६०१ ला ८ ने भागून बाकी १ येते. विषम वर्गाची बाकीही १, म्हणून सम वर्गाचं मूळ ४ च्या पटीत हवं. ३ ने बाकी २, म्हणून दोघांपैकी कुणीही ३ च्या पटीत नको. ५ ने बाकी १, म्हणून एक जण नेमका ५ च्या पटीत हवा. ७ ने बाकी ५, म्हणून ७ च्या पटी बाद. या चाळणीतून उरलेल्या सम संख्यांचे वर्ग वजा करत गेलं की ५२४ वर थांबायला मिळतं: ५२४ चा वर्ग २,७४,५७६, उरले १,२६,०२५, आणि तो ३५५ चा वर्ग. वाटेत ४४० फसवते; तिथे २,०७,००१ उरतात, आणि ४५५ चा वर्ग २,०७,०२५. कॅल्क्युलेटर ४५४.९७ दाखवतो आणि घाईत तो ४५५ वाटतो.

अंकांचे खेळ, कापरेकरांकडून

इथे एक फरक पक्का करून घ्या. आतापर्यंतचे गुणधर्म संख्येचे स्वतःचे होते. ती कुठल्याही पद्धतीने लिहा, ते बदलत नाहीत. पुढचे गुणधर्म मात्र आपण दशमान पद्धतीत लिहितो म्हणून आहेत. गंमत आहे, पण दोन्हींची मिसळ करू नये.

या दुसऱ्या प्रकारातलं मोठं नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या डहाणूचा. माध्यमिक शिक्षण ठाण्यात, शिक्षकी देवळालीला. ज्या संख्येला स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जातो तिला त्यांनी हर्षद संख्या म्हटलं. आपल्या यादीत ती फक्त कळव्याची: ४००६०५ च्या अंकांची बेरीज १५, भागाकार २६७०७.

६१७४ ची त्यांची कृती तर प्रसिद्धच आहे: अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत राहायची. चार अंकी संख्या, सगळे अंक सारखे नसतील तर, ६१७४ वर येऊन थांबते. सहा अंकीत तसा एकच मुक्काम नाही. ती ५४९९४५ वर थांबते, किंवा ६३१७६४ वर, नाहीतर सात संख्यांच्या फेऱ्यात सापडते. ४००६०१ करून बघा: ६४१००० − ०००१४६ = ६४०८५४, मग ८२०८७२, ८६४४३२, ६२९९६४, ७४९९४३, ६५२६४४, ४२०८७६. तिथून ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४ आणि पुन्हा ४२०८७६. पुढची शून्यं गाळली की हा खेळ बिघडतो. ०००१४६ सहा अंकीच धरायचा. प्रत्येक उत्तराला ९ ने भाग गेलाच पाहिजे, न गेल्यास वजाबाकी पुन्हा करा.

सतरा अंकी संख्या आणि संगणकाचे सापळे

कापरेकरांच्या डेम्लो संख्या या भागातल्याच म्हणायला हव्यात. डेम्लो म्हणजे तेव्हाच्या जी.आय.पी. रेल्वेवरचं आजचं डोंबिवली. कल्पना तिथे सुचली म्हणून हे नाव. त्यातली एक १२३४५६७८९८७६५४३२१, म्हणजे नऊ एककांचा, १११११११११ चा, वर्ग. एवढी मोठी संख्या सरळ भागायला घेऊ नका. आधी ती पूर्ण वर्ग आहे का ते बघा. असेल तर काम मुळावर येतं. १११११११११ ÷ ९ = १२३४५६७९. गट मिळवून १२ + ३४५ + ६७९ = १०३६, मग १ + ०३६ = ३७; म्हणून ३७ ने भाग, उरते ३३३६६७, आणि ती मूळ आहे (तपासायची मर्यादा ५७७). डेम्लो संख्येत ३ चार वेळा, ३७ दोनदा, ३३३६६७ दोनदा. विभाजक ५×३×३ = ४५; पूर्ण वर्गाचे विभाजक नेहमी विषम संख्येनेच भरतात. अंकांची बेरीज ८१ आणि ३ चार वेळा गुणून ८१, म्हणून ही हर्षदही आहे.

आता हीच संख्या एक्सेलच्या चौकटीत टाका. ती १२३४५६७८९८७६५४३०० होते, कारण तिथे पंधराच अंक टिकतात. जावास्क्रिप्टच्या साध्या संख्येत ती ...४३२० होते, ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढे तिथे प्रत्येक पूर्णांक नेमका मावत नाही. दोन्हीकडे विषम संख्या सम झाली, तिला ५ नेही भाग जायला लागला, आणि एकही सूचना आली नाही. पायथनमध्ये पूर्णांक हवा तेवढा मोठा ठेवता येतो, पण एका तिरप्या रेघेचा भागाकार उत्तर दशांशात देतो आणि तीच चूक मागल्या दाराने येते. दुहेरी रेघ (//) आणि बाकी काढायचं चिन्ह (%) हीच वापरा. लिनक्सवर 'फॅक्टर' ही आज्ञा तयार असते.

दहा अंकी मोबाइल नंबर तपासायचा असेल तर मर्यादा एक लाखाच्या जवळ जाते, आणि त्याखाली ९,५९२ मूळ संख्या आहेत. ते काम संगणकाचंच, आणि तेही स्वतःच्या संगणकावर. अनोळखी संकेतस्थळाच्या चौकटीत कुणाचा नंबर टाकू नये.

त्याहून मोठ्या संख्येला भागाकार सोडून फर्माची कसोटी लावतात: संख्या 'क' मूळ आणि विषम असेल तर २ चा (क − १) वा घात 'क' ने भागून बाकी १ यायलाच हवी. बाकी १ आली नाही तर संख्या नक्की संयुक्त, मग अवयव माहीत नसले तरी चालेल. १ आली तर मात्र फक्त संशय: ३४१ = ११×३१ ही कसोटी उत्तीर्ण होते, आणि ५६१ = ३×११×१७ तर तिच्याशी सहमूळ असलेला कुठलाही पाया (२ च्या जागची संख्या) घेतला तरी पकडली जात नाही. म्हणून व्यवहारात मिलर–राबिन कसोटी वेगवेगळ्या पायांनी चालवतात. भागाकार न करताही निखळ, बिनशर्त निर्णय पुरेशा वेगाने देता येतो हे २००२ मध्ये कानपूर आयआयटीच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दाखवलं; पण ती रीत प्रत्यक्ष वापरात मिलर–राबिनपेक्षा संथ पडते, त्यामुळे संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये तुम्हाला बहुतेक वेळा मिलर–राबिनच भेटेल. तिचं उत्तर 'बहुधा मूळ' असं आलं, तर वहीत 'बहुधा' हा शब्दही उतरवा.